उजवीकडे बसलेली

१

सून वाचावी म्हणून मी एक नेम धरला होता. तो कसा धरला आणि कसा सुटला, ते आज सांगते. मन लावून ऐका.

मुलगा जहाजावर, वर्षाकाठी एकदा घरी येणारा. घरात आम्ही सासू-सून दोघीच. सून प्रार्थनाकीटकांची अभ्यासक. लांब मानेचे, पुढचे दोन हात जोडून बसणारे किडे असतात ना, तेच. उष्ण प्रदेशातल्या जंगलांत त्यांच्या जाती किती, कुठली कुठे राहते, कोण कोणाच्या नात्यातलं, हे ठरवणं तिचं काम. अशाच एका जंगलातून ती ताप घेऊन आली. छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून म्हटलं, "देवा, हिला सोड. मी रोज तिन्हीसांजेला तुझ्यापुढे दिवा लावीन. तो आपोआप विझेपर्यंत डोळे उघडणार नाही, तोंड उघडणार नाही, जागची उठणार नाही. यातलं एक जरी मोडलं, तर तुझं देणं तू परत घे."

देवाने ऐकलं. सून उठून बसली, हिंडूफिरू लागली, पुन्हा कामावर जाऊ लागली. मागे राहिला तो एक कोरडा खोकला, दारावर टकटक केल्यासारखा. लोकांना तो ऐकून काळजी वाटायची. मला मात्र गोड लागायचा. खोकतेय म्हणजे आहे!

तिचा स्वतःचा देवावर विश्वास नव्हता. "मला औषधांनी वाचवलं, आई," ती म्हणायची. "पण तुम्ही बसा. तुम्ही बसलात की घर कसं शांत होतं."

एकदा तरी तिने माझ्याशेजारी येऊन बसावं, एवढीच माझी आस होती. मी बोलून दाखवत नसे.

२

मागची खोली म्हणजे तिची उबदार खोली. तिथे हीटर, ओले स्पंज आणि तोंडाला जाळीचं कापड बांधलेल्या काचेच्या बरण्या. भिंतीवर जगाचा नकाशा, आणि पृथ्वीच्या पोटावरून पट्टा बांधावा तशा त्यावर रंगीत टाचण्या. एकेक टाचणी म्हणजे एकेक जात कुठे सापडली ती जागा.

ती कामावर गेली की बरण्यांत पाणी फवारायचं आणि त्यांना माश्या भरवायच्या, हे काम माझ्याकडे. माशी मेलेली असेल तर चिमट्यात धरून हलवावी लागायची. नुसती ठेवली तर तो किडा तिच्यावर पाय देऊन निघून जाई.

"हलेल तेच त्यांना दिसतं," सून सांगायची. "स्थिर बसलेलं त्यांच्या लेखी नसतंच."

मला त्या खोलीचा भारी नाद लागला होता, खोटं कशाला बोलू! कोणी सालीसारखा, कोणी गवताच्या काडीसारखा, कोणी शेवाळासारखा. एक तर असा फुलासारखा, की मी वास घ्यायला वाकले होते.

एकदा तिने दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या. "हे वाळकं पान आणि हेही वाळकं पान. बहिणी वाटतात की नाही?"

"बहिणी कसल्या, जुळ्या गं!"

"तेच चुकतं, आई. ही या टोकाच्या जंगलातली, ती समुद्रापलीकडची. दोघींचं काडीचं जवळचं नातं नाही. जिथे राहायचं तिथल्यासारखं दिसायचं, ते दोघींनी आपापलं साधलं. सोंगावरून नातं लावलं की फसगत झालीच."

"मग लावायचं तरी कशावरून?"

"हातावरून." तिने भिंग माझ्या हातात दिलं. किड्याच्या पुढच्या हातावर फणीच्या दातांसारखी काट्यांची ओळ होती. लांब, आखूड, लांब, आखूड. "हा क्रम प्रत्येक घराण्याचा निराळा असतो."

मी माझे चिरा पडलेले तळवे तिच्यापुढे धरले. "मग माझं घराणं कोणतं, ते सांग बघू."

तिने भिंगातून गंभीरपणे पाहिलं. "घासणीकुळ!"

हसून हसून तिला खोकला लागला, आणि मला तिच्या पाठीवरून हात फिरवायला मिळाला.

"पण किती भाविक दिसतात गं," मी म्हटलं.

"ते हात नमस्काराचे नाहीत हो. झडप घालायच्या आधीचे आहेत. आणि डोळ्यांतला तो काळा ठिपका बघा. कुठूनही बघितलं तरी वाटतं आपल्याकडेच रोखलाय. खरं म्हणजे तिथे काहीच नसतं, उजेडाची करामत."

मी वाकून बघितलं, मग बाजूला सरले. ठिपका माझ्याबरोबर सरला. म्हटलं, तुला मेलीला सगळ्यात खोटच दिसते. मला तर तो ओळख देतोय असं वाटलं.

३

तिच्या संशोधन संस्थेतली जुनी खोकी साफ करताना तिला एक अंड्यांची पेटी सापडली. फेस वाळून कडक व्हावा तशी असते ती, काडीला चिकटलेली. बाकी प्रत्येक वस्तूला कुठून आणली त्याची चिठ्ठी होती. हिला नव्हती.

"जागा माहीत नसली तर नकाशावर टाचणी कुठे मारणार?" ती चिडून म्हणाली. "पेटी जुनी आहे, मेलेलीच असणार." तरी ती घेऊन आली आणि उबेला ठेवली.

एका सकाळी मी बरणी पुसायला गेले, तर आत मुंग्यांसारखी बारीक पिलं लटकत होती. मी चपला न घालताच जिन्यापर्यंत धावले. "अगं, फुटली! फुटली तुझी पेटी!" ती अर्ध्या जिन्यातून परत वर आली. त्या दिवशी आम्ही दोघींनी धड जेवण केलं नाही. नुसत्या बघत बसलो.

पिलांनी एकमेकांना खाल्लं. तसं व्हायचंच, ती म्हणाली. शेवटी एक उरलं. मग एक दिवस बरणी रिकामी झाली. कापड बांधलेलं तसंच, फक्त कडेने नीट कापलेलं, कात्रीने कापावं तसं.

काही दिवसांनी पडद्यामागे त्याची कात मिळाली, बोटाएवढी. रिकामं, पातळ कवच, डोळ्यांवरच्या पारदर्शक वाट्यांसकट. पडद्याची चुण्याचुण्यांची नक्षी त्यावर उमटली होती. पुढची कात कपाटाच्या बाजूला मिळाली. ती वीतभर होती आणि तिच्यावर लाकडाच्या रेषा होत्या.

सूनबाई हर्षाने वेडी व्हायची बाकी होती. चिमट्यात कात धरून स्वयंपाकघरभर नाचली. "आई, हा काट्यांचा क्रम कुठल्याच घराण्यात बसत नाही! नवी जात नाही, नवं घराणंच आहे हे. आणि एवढ्या मोठ्या आकाराचा प्रार्थनाकीटक जगात कोणी बघितलेला नाही."

"मग तो गेला कुठे?"

"घरातच असणार. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

मीही हसले. तिचं नाव होणार, म्हणून मनात साखर पडली होती. पण त्या दिवसापासून कपाट उघडताना मी आधी दारावर हलकेच थाप मारू लागले.

४

मग ती संध्याकाळ आली. मी दिवा लावला, डोळे मिटले. तोंडाने काही म्हणायचं नाही, म्हणून मनातल्या मनात नाम घेत होते. आणि उजवीकडच्या चटईवर कोणीतरी बसलं.

पाऊल वाजलं नव्हतं. चटईची काडी तेवढी करकरली. शेजारी माणूस बसलं की अंगाला जे कळतं ते मला कळलं. पापण्यांच्या फटीतून पिवळ्या उजेडात तिच्या कामाच्या पांढऱ्या कोटाची कड दिसल्यासारखी झाली, आणि छातीशी घेतलेले, जोडलेले हात.

काय सांगू तुम्हाला! माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आली! न बोलावता आली, न बोलता बसली.

दिवा विझल्यावर मी डोळे उघडले तेव्हा चटई रिकामी होती. बऱ्याच वेळाने ती आत्ताच आल्यासारखी दार उघडून आली. लाजून हळूच बाहेर गेली असेल, म्हटलं. तिला विचारलं नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की त्यांना दृष्ट लागते. जेवताना फक्त तिच्या पानात चार घास जास्त वाढले.

"आई, आज एवढा लाड कशाचा?"

"जेव गं मुकाट्याने."

ती रोज येऊ लागली. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली की पडदा हलायचा आणि त्याच्याबरोबर तीही हलकीशी डोलायची. झुळूक थांबली की थांबायची. रंगून गेलीय, असं मला वाटायचं. एकच गोष्ट टोचायची, ती म्हणजे तिचा श्वास. छाती अशी अधू असलेल्या बाईचा श्वास ऐकू यायला हवा. आणि इतक्या वेळात एकदाही खोकला नाही. मग मीच स्वतःला समजवायचे, की बसल्याचा गुण आलाय.

भिंतीवरची पाल चुकचुकायची बंद झाली होती. खिडकीत पारवे यायचे, तेही येईनासे झाले.

५

खालच्या मजल्यावरची शिवणबाई तोंडाची फटकळ, पण मनाची मऊ. कपड्यांच्या दोरीपाशी तिने मला गाठलं.

"काकू, माझं मांजर दिसलं का हो? तुमच्याकडे दूध प्यायला यायचं मेलं."

"बऱ्याच दिवसांत नाही आलं गं."

"आणि तुमच्या सूनबाईंना काय झालंय? रोज ऊन उतरलं की मागच्या खिडकीत उभ्या. हात असे जोडून. काल मी हाक मारली, तर बाई बोलली नाही की हसली नाही. खांदे जागच्या जागी, आणि मान तेवढी वळली. इतकी वळली, की मला आपलं कसंसंच झालं."

"ध्यानात असते ती," मी अभिमानाने म्हटलं. "माझ्याजवळ बसते हल्ली."

"बसते? कधी?"

"दिवा लावला की."

शिवणबाईच्या तोंडात धरलेला कपड्यांचा चिमटा खाली पडला. "अहो काकू, दिवेलागणीनंतर बऱ्याच वेळाने मी त्यांना फाटकातून आत येताना बघते. रोज. फाटक मीच उघडते ना!"

रात्री जेवताना मी सुनेला विचारलं. कसं विचारलं ते माझं मला माहीत. ती घास हातात धरून थांबली. "मी? आई, त्या वेळी तर मी संस्थेत असते."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. माझ्या मनातली आस तिला तेव्हा कळली असावी. डाव्या हाताने तिने माझा हात दाबला. "डुलकी लागत असेल तुम्हाला. स्वप्न पडत असेल. असं करते, उद्या लवकर निघते आणि खरोखरची बसते. तुमच्या स्वप्नातल्या सुनेला म्हणावं, सर बाजूला."

मला इतका आनंद झाला, की भीती वाटायची राहूनच गेली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळीच घर आवरलं. दुपारी तिचे कामाचे पांढरे कोट खुंटीवरून काढून बादलीत भिजवले. एक कोट भिजेना. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं त्याच्यावरून पाणी ओघळलं. दाबला तर वर आला.

काढून बघितला. कांद्याच्या सालीसारखा हलका. बाह्या कोपरात दुमडलेल्या, ओढून सरळ होईनात. पाठीवर मानेपासून खालपर्यंत एक सरळ चीर. सून कामाला घालते तो एखादा नवा प्रकार असेल, असं म्हणत मी तो दोरीवर टाकला. उन्हात तो उलगडला तेव्हा कॉलरच्या वरचं दिसलं. दोन पारदर्शक वाट्या, माझ्या तळव्याएवढ्या.

मी संस्थेत फोन लावला. "बाई मघाशीच निघाल्या," पलीकडून सांगितलं. "आज घरी काहीतरी खास आहे म्हणत होत्या."

ऊन उतरत होतं. मी स्वतःला म्हटलं, बाई, शुद्धीवर ये. प्लास्टिकचा कोट असेल. शिवणबाईला चाळिशी लागलीय, तिने कोणालाही कोणी समजलं असेल. उबदार खोलीचं दार ओढून मी बाहेरून कडी घातली. आत कोणी असेल तर आत राहील. बाहेर असेल तर काय, हा विचार पुढे नेला नाही.

फाटकावर जाऊन उभं राहावं असं वाटत होतं. पण दिव्याची वेळ झाली होती, आणि दिवा तिच्या जिवासाठी होता. नेम चुकला तर देव तिला परत घेईल. नेम पाळला तर… तेही वाक्य मी मनात पुरं होऊ दिलं नाही. खांद्यावर शाल घेतली, दिवा लावला, डोळे मिटले.

७

मिटताना उजवीकडची चटई रिकामी बघून घेतली होती. थोड्याच वेळात काडी करकरली.

मी हलले नाही. नाम थांबलं होतं. कान तेवढे जागे होते.

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. चप्पल काढल्याचा आवाज आला. मग खोकला, तोच, टकटक केल्यासारखा. उजवीकडे कोरडा कागद उलटावा तसा आवाज झाला. मान वळली होती.

संस्थेतल्या डांबराच्या गोळ्यांचा ओळखीचा वास आला आणि माझ्या डावीकडे ती बसली. "आले हं मी, आई," कुजबुजली. "उठू नका. बसा तुम्ही." दोघींच्या मधे मी होते, दिवा मिणमिणता होता. पलीकडे तिने पाहिलं की नाही, देव जाणे.

बोलायचं नव्हतं. डोळे उघडायचे नव्हते. उठायचं नव्हतं. पण हात हलवायचा नाही, असं मी देवाला कधी म्हटलं नव्हतं! उजवा हात मी चटईवरून मुंगीच्या पावलाने पुढे नेला. आधी कापडासारखं लागलं, पण कापड नव्हे, गार आणि गुळगुळीत. त्याच्या खाली दात. फणीचे दात. लांब, आखूड, आखूड, लांब.

ते माझ्या बोटांखालून सरकायला लागले. दुमडलेलं काहीतरी उलगडत होतं, सावकाश, माझ्या मांडीवरून, पलीकडे. माझ्याकडे नव्हे. मी इतके दिवस दगडासारखी बसले होते, त्याच्या लेखी नव्हतेच मी. डावीकडे माझी पोर छातीवर हात दाबून खोकला आवरत होती. खांदे हलत असणार तिचे.

ती खोकली.

मी डोळे उघडले, उभी राहिले, आणि घशात होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "इकडे! इकडे बघ, मेल्या!" तिन्ही एकदम मोडले. शाल ओढून काढली आणि उजव्या बाजूला गरागरा फिरवली.

क्षणभर दिसलं. पांढरा कोट दिसला. सुनेच्या कपाळासारखं कपाळ, तिच्यासारखा मधे भांग, मान तिरकी. आणि डोळ्यांत एक काळा ठिपका. शालीबरोबर मी डावीकडे झुकले, ठिपका डावीकडे आला. उजवीकडे झुकले, उजवीकडे आला.

मग माझ्या हातात शाल नव्हती. कशी गेली, ते दिसलं नाही. नुसता फट् असा आवाज झाला. मी सुनेचं मनगट धरलं, तिला फरफटत दाराबाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. दाराच्या फटीतून दिव्याचा उजेड येत होता. तो मधेच झाकला गेला आणि पुन्हा आला.

जिन्यावर आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो. तिचे डोळे लकाकत होते. "आई, तुम्ही हात लावलात? काट्यांचा क्रम कसा होता?"

"लांब, आखूड, आखूड, लांब."

"देवा रे," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मग तिने माझ्या कुशीत तोंड खुपसलं आणि रडली.

८

त्या घरात आम्ही पुन्हा पाऊल टाकलं नाही. तिच्या संस्थेतली माणसं जाऊन आली. त्यांना घर रिकामं दिसलं, फक्त घर. हमाल सामान काढायला गेले तेव्हा मी मागच्या रस्त्यावरूनच वर बघितलं. मागची खिडकी उघडी होती. चौकटीच्या बाहेरच्या बाजूला, पावसाचं पाणी लागणार नाही अशा कोपऱ्यात, फेस वाळून कडक झालेली एक पेटी चिकटली होती. चांगली उशीएवढी. तिला भोकं पडली होती, सगळीकडून.

नव्या घरात सुनेने नकाशा लावलाय. त्या जातीची टाचणी अजून डबीत आहे. "कुठे मारू, आई?" ती विचारते. "हिचं जंगल कोणतं म्हणायचं?" हल्ली तिला लोक दुरून दुरून पत्रं लिहितात, की आमच्या घरात खुंटीवर एक कोट जास्त निघाला.

आणि देवाचं म्हणाल, तर त्याने दिलेलं परत घेतलं नाही. तिचा खोकला आता जवळजवळ गेलाय. नेम मोडला म्हणून मी भीत होते, पण तो माझ्याहून शहाणा आहे. कशापायी मोडला, ते त्याने बघितलं. आता मी नवा नेम धरलाय. रोज दिवा लावते, डोळे उघडे ठेवते आणि सुनेचा हात हातात घेऊन बसते. ती माझ्या चिरांवरून अंगठा फिरवते. तिला वाटतं मला कळत नाही, पण तीही खात्री करून घेत असते.

तुम्हालाही माझी एवढीच विनंती आहे. देवापुढे बसाल तेव्हा डोळे उघडे ठेवून बसा. शेजारी कोणी येऊन बसलं, तर चेहऱ्यावर जाऊ नका, जोडलेल्या हातांवर तर मुळीच जाऊ नका. तो हात आपल्या हातात घ्या, बोटं फिरवून बघा. आपलं माणूस असलं तर हसेल. आत्ता हे ऐकताना तुमच्याजवळ कोणी बसलं असेल, तर आत्ताच बघा. फक्त हात पुढे नेताना सावकाश न्या.